परतीची वाट बुजू नये

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 'एच-१बी' व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क आकारण्याच्या आदेशावर स्वाक्षरी केली आणि पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत असंख्य मध्यमवर्गीय घरांची झोप उडाली. सुट्टीसाठी मायदेशी आलेल्या कित्येकांनी मुक्काम अर्धवट टाकून मिळेल त्या विमानाने अमेरिका गाठण्याची धडपड केली. हे शुल्क नव्या अर्जांपुरतेच आहे, आधीपासून व्हिसा असलेल्यांना ते लागू नाही, असा खुलासा नंतर झाला; पण तोवर व्हायचा तो मनस्ताप होऊन गेला होता. आदेश लागू झाला तो २१ सप्टेंबरचा रविवार सर्वपित्री अमावास्येचा होता. ज्या दिवशी पितरांच्या ऋणाचे स्मरण करायचे, त्याच दिवशी अनेक घरांतील वडीलधारी मंडळी सातासमुद्रापार असलेल्या मुलाच्या भवितव्याच्या चिंतेत होती.

या घटनेवर आपल्या समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. पहिली भयाची. तिचे कारण उघड आहे. ज्या घराने कर्ज काढून, प्रसंगी राहते घर तारण ठेवून मुलाला धाडले, त्या घराला भय वाटणे स्वाभाविक आहे. दुसरी प्रतिक्रिया मात्र अधिक विचार करायला लावणारी होती. 'बरे झाले, आता येतील सगळे परत' असे म्हणणारे अनेक जण होते आणि स्वतःला राष्ट्रवादी म्हणवणाऱ्यांत त्यांची संख्या कमी नव्हती. आपल्याच समाजातील तरुणांवर परक्या भूमीत संकट कोसळले असता त्यात समाधान मानणे हे राष्ट्रभक्तीचे लक्षण नव्हे. असूयेला देशप्रेमाचे वस्त्र नेसवले, तरी ती असूयाच राहते. राष्ट्र म्हणजे केवळ भूमी नव्हे, त्या भूमीला माता मानणारा समाज म्हणजे राष्ट्र, अशी ज्यांची धारणा आहे, त्यांनी तरी या तरुणांचा विचार आपल्या कुटुंबातील घटक म्हणूनच केला पाहिजे.

परदेशगमन हे काही हिंदू परंपरेला अपरिचित नाही. १०२५ मध्ये राजेंद्र चोळाचे आरमार श्रीविजयाच्या साम्राज्यावर चालून गेले, त्याच्या कितीतरी आधीपासून भारतीय व्यापारी, शिल्पी आणि विद्वान आग्नेय आशियात ये-जा करत होते. पुढे समाज आत्मविश्वास गमावून बसला आणि समुद्र ओलांडणे हे पातक ठरले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत वेदोक्तबंदी, स्पर्शबंदी, रोटीबंदी यांच्या बरोबरीने सिंधुबंदीचाही समावेश होता. समुद्रापलीकडे जाण्याची मनाई ही धर्माची आज्ञा नसून समाजाच्या ऱ्हासाचे कारण आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले. तेव्हा आजच्या तरुणाने परदेशी जाऊच नये, असे म्हणणे म्हणजे तुटलेली बेडी पुन्हा जोडण्यासारखे होईल.

प्रश्न जाण्याचा नाही, नात्याचा आहे. गेलेला तरुण या समाजाशी कोणत्या धाग्याने बांधलेला राहतो आणि तो धागा टिकावा म्हणून येथे मागे राहिलेले आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागते. मुलांना निरोप देण्याचा सोहळा करायला आपण शिकलो. त्यांच्या परतण्याला मात्र आपल्या लेखी प्रतिष्ठा उरलेली नाही.

आपल्या अवतीभवती पाहावे. मुलाला अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात, सोसायटीच्या फलकावर अभिनंदन झळकते, विवाहमंडळाच्या नोंदवहीत त्याचे स्थान वर सरकते. तोच मुलगा सात-आठ वर्षांनी स्वखुशीने परत आला, तर पहिला प्रश्न येतो, 'का रे, काय झाले? नोकरी गेली का?' शेजारी कुजबुजतात, नातेवाईक सहानुभूती दाखवतात, वधूपित्यांचे स्वर बदलतात. आईवडीलही चारचौघांत सांगताना चाचरतात. 'आला आहे काही दिवसांसाठी' असे अर्धसत्य सांगितले जाते. पूर्वी समुद्र ओलांडून आलेल्याला समाज प्रायश्चित्त घ्यायला लावत असे. आज आपण त्याला पंचगव्य देत नाही, एवढाच काय तो फरक. परत आल्याचे प्रायश्चित्त तो आपल्या नजरांतून भोगतच असतो.

इतिहासात या उपेक्षेचे याहून दारुण उदाहरण आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार दहा वर्षे संस्थानची सेवा करण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. अर्थशास्त्रात एवढे अध्ययन केलेल्या या विद्वानाला त्या नगरीत राहायला हिंदू समाजाने एक खोली दिली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि ओळख उघड होताच तेथूनही बाहेर काढले गेले. अस्पृश्यतेच्या पापाचा हा कलंक तर आहेच. पण ज्ञान घेऊन परतलेल्या आपल्याच सुपुत्राला समाजाने कसे वागवले, याचाही हा लेखाजोखा आहे. एवढा अपमान सोसूनही, १९२० मध्ये लंडनला जाऊन अपुरे शिक्षण पूर्ण केल्यावर, १९२३ मध्ये बाबासाहेब पुन्हा याच समाजात परतले. ते परतले हा त्यांचा मोठेपणा. समाजाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

गेलेल्यांच्या मनातील धागा किती चिवट असू शकतो, याची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांनी श्रीरामपूर येथील कलकत्त्यानजीकच्या सभेत आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले होते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून वैद्यकाची पदवी घेऊन त्या परतल्या आणि दुर्दैवाने १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांच्या शिष्यवृत्तीवर १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या सावरकरांनी तेथील 'इंडिया हाऊस'ला क्रांतीचे केंद्र बनवले. स्वतः श्यामजींचे १९३० मध्ये जिनिव्हात निधन झाले. त्यांच्या अस्थी मायदेशी आणायला आपल्याला २००३ साल उजाडावे लागले. गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी त्या आणल्या.

वर्ध्यात १८८४ मध्ये जन्मलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे चरित्र तर प्रत्येक परदेशगामी तरुणाने वाचावे असे आहे. क्रांतिकार्यासाठी ते अमेरिकेत गेले, गदर चळवळीत उतरले, शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी मक्यावर मोलाचे संशोधन केले. ज्या देशाने आश्रय दिला, त्याच्या शेतकऱ्यांची सेवा करण्यात त्यांनी कसूर केली नाही; २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. तरीही स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांनी देह ठेवला. कर्मभूमीशी प्रामाणिक राहूनही मातृभूमीशी नाते राखता येते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण कोणते असणार?

हे सारे असामान्य होते आणि त्यांचा काळही वेगळा होता, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. आजचा तरुण क्रांतीसाठी जात नाही. चांगले शिक्षण, चांगले वेतन आणि गुणांना वाव मिळावा म्हणून जातो. त्याला दोष देण्याआधी येथील परिस्थिती पाहावी. २०२५ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. साध्या मध्यमवर्गीय घरातील मुले युक्रेनसारख्या देशांत वैद्यकीय शिक्षणासाठी का जात होती, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. २०२२ च्या युद्धात 'ऑपरेशन गंगा' राबवून सरकारने त्यांना सुखरूप आणले, हे अभिमानास्पद आहे. पण त्यांना जावे का लागले, हा प्रश्न त्याने सुटत नाही. संशोधनाची स्थिती याहून वेगळी नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत संशोधनावरील आपला खर्च २०२०-२१ मध्ये अवघा ०.६४ टक्के होता. चीनचे हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या बरेच वर आहे. ज्या देशात संशोधकाला उपकरणाच्या मंजुरीसाठी महिनोन्महिने कागद फिरवावे लागतात आणि शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, त्या देशाने केवळ भावनेच्या बळावर बुद्धिमंतांना थोपवून धरण्याची अपेक्षा करू नये.

दुसऱ्या बाजूने, तिकडचे चित्रही जेवढे रंगवले जाते तेवढे सुंदर नाही. 'ओपन डोअर्स' अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. चीनलाही आपण मागे टाकले. या आकड्याचे कौतुक झाले. पण पदवीनंतरचा मार्ग कसा आहे, हे किती पालकांना ठाऊक असते? विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधराला शिक्षणोत्तर कामासाठी साधारण तीन वर्षे मिळतात. त्या अवधीत 'एच-१बी'च्या वर्षाकाठी ८५ हजार जागांसाठीच्या सोडतीत नाव यावे लागते. आले तरी नोकरी सुटल्यास दुसरी शोधायला साठ दिवसांची मुदत. ग्रीन कार्डाचे तर विचारूच नये. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, असा नियम आहे. भारतासारख्या विशाल देशाला आणि एखाद्या चिमुकल्या बेटाला मर्यादा एकच. परिणामी भारतीयांची प्रतीक्षा दशकांत मोजली जाते. या प्रतीक्षेत मुले एकवीस वर्षांची होतात आणि आईवडिलांच्या व्हिसावर राहण्याचा त्यांचा हक्क संपतो. ज्यांच्यासाठी हा अट्टाहास केला, त्यांनाच पुन्हा परकेपण वाट्याला येते.

आणि ही झाली रीतसर जाणाऱ्यांची कथा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, ते दृश्य प्रत्येक स्वाभिमानी भारतीयाला सलणारे होते. त्यापूर्वी २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर बनावट प्रवेशपत्रांमुळे परत पाठवले जाण्याची टांगती तलवार आली. फसवणूक दलालांनी केली, शिक्षा मुलांच्या वाट्याला आली. जमीन विकून, कर्ज काढून कोणत्याही मार्गाने परदेश गाठायचाच, ही वृत्ती पुरुषार्थाची नव्हे, ती न्यूनगंडाची खूण आहे. येथे राहून काही होऊ शकत नाही, हा विचार तरुणांच्या मनात कोणी पेरला? ज्या समाजाने जाणाऱ्यालाच यशस्वी मानले, त्यानेच.

म्हणूनच सरकार आणि समाज या दोघांनीही परतीची वाट मोकळी करण्याचा विचार केला पाहिजे. याबाबतीत तैवानकडून शिकण्यासारखे आहे. १९८० मध्ये त्या चिमुकल्या देशाने सिंचू येथे विज्ञान उद्यान उभारले. अमेरिकेतून परतणाऱ्या अभियंत्यांसाठी तेथे घरांची सोय केली, त्यांच्या मुलांसाठी शाळाही काढली. १९८५ मध्ये अमेरिकेतील प्रदीर्घ कारकिर्दीनंतर मॉरिस चँग यांना बोलावून घेतले आणि १९८७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या 'टीएसएमसी'वाचून आज जगाचे पान हलत नाही. चीनने २००८ मध्ये सहस्र प्रज्ञावंतांना परत आणण्याची योजना आखली. आपल्याकडेही रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश अधिछात्रवृत्ती, रामानुजन अधिछात्रवृत्ती आणि अनिवासी संशोधकांनी वर्षातील काही काळ येथे येऊन काम करावे यासाठीची २०२३ ची 'वैभव' अधिछात्रवृत्ती अशा योजना आहेत. योजना चांगल्या आहेत. पण अधिछात्रवृत्ती संपल्यावर कायम पद कोठे, हा प्रश्न परतलेल्या संशोधकापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर विद्यापीठांतील वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या जागा भरण्यात आहे. ते काम राज्य शासनाचेही आहे.

परतलेल्यांनी या देशाला काय दिले, याचा हिशेब पुणेकरांना तरी वेगळा सांगायला नको. डॉ. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले आणि १९८८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'आयुका' उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इंग्लंडमधील अध्यापन सोडून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. अमेरिकेतील शिक्षण संपवून आलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च'चे काम सुरू केले. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात २०१९ पासून राहून श्रीधर वेंबू यांनी जागतिक दर्जाची संगणकप्रणाली गावातील मुलामुलींच्या हातून घडवता येते, हे सिद्ध केले. आणि जे गेलेच नाहीत त्यांचे काय? अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, हेही विसरून चालणार नाही.

सर्वांनीच परत यावे, अशी आमची अपेक्षा नाही. ती व्यवहार्यही नाही. २०२४ मध्ये अनिवासी भारतीयांनी मायदेशी धाडलेली रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजानुसार १२९ अब्ज डॉलर होती. त्यात आखातातल्या उन्हात राबणाऱ्या कामगाराचा घाम आहे, तसा कॅलिफोर्नियातील अभियंत्याचा कष्टही आहे. केनियाकडे निघालेल्या जहाजावर जगदीशचंद्र शारदा यांनी प्रार्थना म्हणून संघकार्याचे बीज परदेशात नेले, त्याचा वृक्ष आज अनेक देशांत उभा आहे. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत सुट्टीच्या दिवशी मुलांना बाराखडी गिरवून घेणारे पालक हेही या संस्कृतीचे दूतच आहेत. जे तेथे स्थायिक झाले, त्यांनी त्या देशाचे निष्ठावान नागरिक व्हावे आणि हिंदू म्हणून मान ताठ ठेवून जगावे. मात्र, १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा पिढ्यानपिढ्या युगांडात राहिलेल्या भारतीयांवर काय ओढवले, हे त्यांनी आणि आपणही स्मरणात ठेवावे. जगातील कोणत्याही कोपऱ्यात हिंदूवर संकट आले, तर त्याला हक्काने दार ठोठावता येईल असे घर एकच आहे.

या घराची निगा राखण्याचे काम कोणाचे? ते सरकारवर सोपवून मोकळे होता येणार नाही. संघाच्या शताब्दीनिमित्त समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे आणि त्याची सुरुवात येथून करता येईल. कोथरूड, डोंबिवली, पार्ले, धरमपेठ अशा वस्त्यांत मुले परदेशी असलेल्या किती वृद्ध दांपत्यांना रात्री-अपरात्री रुग्णालयात नेणारे कोणी नाही, याची नोंद आपल्या शाखेकडे आहे का? नसेल तर ती या महिन्यात करावी. आठवड्यातून एकदा कोणी तरुण स्वयंसेवक त्या घरी जाऊन चहा घेईल, औषधे आणून देईल, तर त्या दूरच्या मुलाला या समाजाची जी ओळख पटेल ती कोणत्याही भाषणाने पटणार नाही. निघणाऱ्या तरुणाला हार घालताना त्याच्याकडून एक वचन घ्यावे. परत येण्याचे नको. येथील एखाद्या शाळेचे, एखाद्या विद्यार्थ्याचे दायित्व घेण्याचे. आणि कोणी परत आलाच, तर 'काय झाले?' असे न विचारता 'कोणते काम हाती घेतोस?' असे विचारावे.

आपल्या परंपरेने माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो असे मानले. पितृऋण आणि ऋषिऋण फेडायला पारपत्राची अट नाही. ते जगात कोठूनही फेडता येते. ऋणको कोठे राहतो यापेक्षा त्याला ऋणाची जाणीव आहे का, हे महत्त्वाचे. पण ही जाणीव टिकवायची तर समाजानेही त्याला आपले म्हटले पाहिजे. तरुणांनी खुशाल जग पालथे घालावे, उत्तम ते शिकावे, पराक्रम गाजवावा. त्यांना पाठीवर हात ठेवून निरोप देण्याइतके आपले मन मोठे असावे आणि ते परतले तर त्यांना सन्मानाने सामावून घेण्याइतके आपले घर. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनीच वाट मळलेली राहते. तिच्यावर उपेक्षेचे गवत माजू न देणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे.